मदत हवी आहे: चार्जिंगचा एक आयसी (छोटी चिप) जळालाय, कंपनी म्हणते पूर्ण मदरबोर्ड बदला

नमस्कार मंडळी,

वॉरंटी संपून चार महिने होत नाहीत तोच बाबांचा लॅपटॉप बंद पडला. चार्जर लावला तरी दिवा लागत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरने उघडून पाहिलं आणि सांगितलं, बोर्ड बदला. नेमकं काय बिघडलंय, याला उत्तर नाही. खर्च जवळजवळ नव्या लॅपटॉपएवढा.

मग चिप लेव्हल काम करणाऱ्या, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग बदलणाऱ्या एकांना दाखवला. त्यांनी मल्टिमीटर लावून सांगितलं की चार्जिंगचा आयसी शॉर्ट झालाय, बाकी बोर्ड ठीक दिसतोय. करंगळीच्या नखाहून लहान भाग! पण कंपनी तो सुटा देत नाही आणि स्कीमॅटिकही (सर्किटचा नकाशा) देत नाही.

खरी काळजी डेटाची आहे. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी मेमरी, बोर्डवरच सोल्डर केलेली, त्यात बाबांचं वर्षभराचं लिखाण. बॅकअप घेतला नव्हता, ती चूक माझी. डेटा एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असतो आणि त्याची किल्ली बोर्डवरच्याच सिक्युरिटी चिपमध्ये असल्याने मेमरी काढून दुसरीकडे वाचता येत नाही म्हणे. म्हणजे बोर्ड बदलला की लिखाण गेलं. लॅपटॉप पातळ करायला एसएसडी अशी सोल्डर करावीच लागते, हे मला पटत नाही. नेहमीची सुटी, एम.२ प्रकारची एसएसडी २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब पट्टी असते, एका स्क्रूवर बसते.

त्याच मॉडेलच्या मेलेल्या बोर्डवरून आयसी काढून कुणी लावलाय का? टिकला का? सोल्डर वितळवायला हॉट एअर (गरम हवा) देताना शेजारच्या एसएसडीला कसं जपायचं? की आयसीला बगल देऊन, बेंच पॉवर सप्लायवर (बाहेरून वीज देणारं दुरुस्तीचं उपकरण) लॅपटॉप एकदाच सुरू करून डेटा काढता येईल? मला लॅपटॉपपेक्षा ते लिखाण हवंय.

दुसरं, तक्रारीबद्दल. फ्रान्समध्ये वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करणं २०१५ पासून गुन्हा आहे. २०२१ पासून तिथे लॅपटॉपला दुरुस्तीसाठी १० पैकी गुण दाखवावे लागतात, त्यात सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, हेही धरतात. 'मुद्दाम' सिद्ध करणं कठीण, म्हणून त्या वादात मी पडणार नाही. कुठला भाग गेला आणि तो सुटा का देत नाही, एवढंच कंपनीकडून लेखी हवंय. असं पत्र कुणी लिहिलंय का? मजकूर कसा ठेवला, उत्तर आलं का?

तोवर बोर्डला कुणाला हात लावू देत नाहीये. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवलेत, पाहून सांगणार असाल तर देतो.