प्रतिसाद: मुख्य विषय गायन की तबला?
‘गायन घेतलं तरच पुढे काही होतं, तबला-पेटी म्हणजे दुय्यम’ हे संगीतात बी.ए. करण्याबद्दलच्या वरच्या चर्चेत वाचलं. अजिबात पटलं नाही. बी.ए.ला माझा मुख्य विषय तबला होता. वर्गातल्या गाणाऱ्या मुली शिकवण्या शोधत फिरायच्या तेव्हा आम्हाला कथकच्या क्लासमधून बोलावणी यायची, कारण तिथे रोजच्या रियाजालाही संगत लागते. आणि लेहरा (तबल्याला किंवा नाचाला आधार म्हणून पेटीवर पुन्हा पुन्हा वाजवायची तीच सुरावट) धरणारा तर मिळता मिळत नाही! तीनतालाच्या सोळा मात्रांचं तेच आवर्तन अर्धा-पाऊण तास, लय तसूभर न हलवता वाजवत राहायचं. पेटी शिकणाऱ्यांना हे कमीपणाचं का वाटतं कोण जाणे. लेहरा डळमळला की भल्याभल्यांचा एकल तबला कोसळतो.

प्राध्यापकीचा विचार असेल तर आणखी एक. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत ‘संगीत’ हा विषय एकच असला तरी त्यात तालवाद्यांचा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे तबलजीची वाट तिथेही बंद नाही. बी.ए.ला प्रवेश घेण्याआधी मात्र कॉलेजच्या संगीत विभागात तुमच्या वाद्याचे पूर्णवेळ गुरू आहेत की तासिका तत्त्वावरचे, एवढं जाऊन विचारा. माहितीपत्रकात ते लिहिलेलं नसतं.