गजकर्ण, दाद आणि ‘प्रतिकारशक्ती’

माडाखाली: मालवणात गजकर्णाबद्दल एक भित्तिपत्रक लिहितेय. औषधं चालेनाशी झालीत, हा मुद्दा. ‘बुरशीची प्रतिकारशक्ती वाढली आहे’ असं लिहिलं, तर आई म्हणाली, “वाढली तर बराच झाला मगे!” रेझिस्टन्सला शब्द सुचवा.

शब्दवेडी: प्रतिरोध.

खाडीपलीकडे: प्रतिरोध चूक नाही, पण भिंतीवर तो कोण वाचणार? आपल्याकडे ‘दाद न देणे’ आहे की. ‘बुरशी औषधाला दाद देत नाही.’ कर्ता बुरशी, हे महत्त्वाचं. लोक सर्रास म्हणतात ‘अंगाला औषधाची सवय झाली’. अंगाचा इथे संबंध नाही. गजकर्णावरची गोळी टर्बिनाफिन बुरशीचं एक एन्झाइम अडवते, स्क्वालीन इपॉक्सिडेज. त्याच्या जनुकात बदल झाला की औषध तिथे नीट बसत नाही. अशी बुरशी एका टॉवेलावरून घरभर फिरते, आणि ज्याने आयुष्यात ती गोळी घेतली नाही त्यालाही गोळी लागू पडत नाही. त्याला कसली सवय? गजकर्णाची बुरशी ट्रायकोफायटन इंडोटिनी यातलीच. नाव 2020 सालचं, जपानमधल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडे सापडलेल्या नमुन्यांवरून.

गंमत म्हणजे ही ‘दाद’ फारसी, न्याय या अर्थाची. हिंदीतली दाद म्हणजे गजकर्णच, ती संस्कृत ‘दद्रु’वरून. पहिल्या पावसात आपण ज्याची भाजी खातो तो टाकळा संस्कृतात ‘दद्रुघ्न’, दद्रु घालवणारा.

शब्दवेडी: कानांचाही योग बघा. गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान. आणि इस्पितळांना छळणारी बुरशी कँडिडा ऑरिस 2009 साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळाली. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. जात वेगळी, पण ऐकत दोघीही नाहीत.

हापूसवाला: आम्ही आंब्याच्या मोहोरावरच्या भुरीला, तीही बुरशीच, ‘निर्ढावली’ म्हणतो. तेच तेच औषध मारलं की मरायची ती मरते, उरते तिचंच बी वाढतं. आमचं फवारणीचं हेक्झाकोनॅझोल आणि डॉक्टरांचं इट्राकोनॅझोल, दोन्ही बुरशीनाशकं एकाच अॅझोल घराण्यातली बरं का.

खाडीपलीकडे: निर्ढावली झकास! पण बागेतच ठेवा, रुग्णाला वाटेल आपल्यालाच म्हणताहेत.

माडाखाली: ‘दाद देत नाही’ लिहून आईला दाखवलं. तिने चष्मा वर केला. “जुमानना नाय, असा लिव गो.” खाली ‘दुकानातलं स्टेरॉइडवालं मलम स्वतःहून लावू नका, खाज थांबते पण बुरशी पसरते’ हे घातलंय. वर मोठ्या अक्षरांत: ‘गजकर्ण औषधाला जुमानत नाही?’