उघड्यावर कविता आणि वाद्यसंगीत: शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोहोचवावेत?

अर्धविराम (प्रश्न)

मोकळ्या हिरवळीवर संध्याकाळचा दीड तासाचा कार्यक्रम ठरतो आहे. सहा कवी, तीन वादक (गिटार, बासरी, तबला), श्रोते १५० च्या आसपास. काही कविता नुसत्या, काही वाद्यांच्या साथीने. सामान असं: स्टँडसह १२ इंची पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर दोन, १२ चॅनेलचा मिक्सर, एक मॉनिटर (मंचावरच्यांना ऐकू येण्यासाठी त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर), साधे डायनॅमिक माईक. जागा २० मीटर रुंद आणि २५ मीटर खोल, मागे-पुढे भिंत नाही.

गाणं उघड्यावर निभावतं, पण कवितेतला एक शब्द निसटला की ओळच गेली. तेव्हा स्पीकर आणि माईकची मांडणी कशी करावी? वाद्यं कवितेखाली किती वाजवावीत? आणि वारा, अंधार, कागद या भानगडींसाठी आधीपासून काय तयारी लागते?

वायरगुंडाळे

आधी खुर्च्या हलवा, स्पीकरचं नंतर बघू. भिंती नसल्या की परतून येणारा आवाज नाही, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबल उतरते. जागेची पूर्ण २५ मीटर खोली वापरलीत तर स्पीकरपासून ३ मीटरवर बसलेला आणि २४ मीटरवर बसलेला यांच्यात १८ डेसिबलचा फरक पडेल. पुढच्यांचे कान किटणार आणि मागचे ‘आवाज, आवाज’ करणार. त्यापेक्षा आठ रांगा करा, रांगेत १९-२० खुर्च्या, मधे एक वाट. रुंदी साधारण ११ मीटर होते. पहिली रांग ४ मीटरवर, शेवटची ११ मीटरवर. फरक ९ डेसिबलच्या आत येतो. स्पीकरचा हॉर्न (उंच पट्टीचा आवाज फेकणारा कर्णा) जमिनीपासून दोन-सव्वादोन मीटर उंच ठेवा आणि त्याचा रोख शेवटच्या रांगेच्या डोक्यांवर असू द्या. पुढची रांग आपोआप हॉर्नच्या माऱ्याबाहेर राहते, म्हणजे फरक आणखी कमी.

स्पीकर माईकच्या रेषेपेक्षा किमान दीड-दोन मीटर पुढे. मॉनिटर कुठे ठेवायचा ते माईकवर ठरतं. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक पाठीमागून सर्वांत बहिरा असतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीच्या दिशेला. सुपरकार्डिऑइड त्याहून अरुंद कोनात ऐकतो, त्याचा बहिरा कोन समोरच्या रेषेपासून १२५ अंशांच्या आसपास असतो, तिथे मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा लागतो. हे न पाहता ठेवला की स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी येते आणि मग सगळे इक्वलायझर कुरतडत बसतात.

शिट्टीचं दुसरं कारण उघडे माईक. त्यांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. चार माईक उघडे असताना जी मर्यादा येते, ती एकच उघडा ठेवला तर ६ डेसिबल वर जाते. नुसती कविता सुरू असताना तबला-बासरीचे माईक म्यूट करायलाच हवेत. मिक्सरवर बसणाऱ्याच्या हातात कवितांचा क्रम द्या, प्रत्येकीपुढे कोणते चॅनेल उघडे ते लिहून.

बोलण्याच्या चॅनेलला लो-कट (खालची पट्टी कापणारी कळ) १०० ते १२० हर्ट्झवर. माईकला स्पंजची टोपी हवीच. वाऱ्याची घरघर आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’चे धक्के खालच्याच पट्टीत असतात, टोपी आणि लो-कट मिळून त्यातले बरेचसे गिळतात. बोलण्याच्या चॅनेलवर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको. उघड्यावर आवाज कोरडा वाटतो म्हणून मोह होतो, पण जोडाक्षरांचा चिखल होतो.

मंद्र_पंचम

वादकांच्या बाजूने लिहितो. शब्द स्पष्ट करणारी व्यंजनं मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि गिटारच्या तारांची चमकही तिथेच. कविता चालू असताना गिटारच्या चॅनेलवर हा पट्टा ३-४ डेसिबल उतरवा. पूर्ण गिटार खाली आणण्यापेक्षा हे बरं, कारण साथ ऐकू येत राहते. पण खरी दुरुस्ती वाजवण्यातच होते. शब्दांखाली एका वेळी एकच वाद्य, लांब स्वर, कमी हालचाल. भरणा, म्हणजे मधल्या जागा भरणारे तुकडे, ओळ संपल्यावर. बासरी तर शब्दांच्या वर चढून बोलायला लागते, तिला कडव्यांमधली जागा द्या आणि बोलताना गप्प ठेवा.

मुक्तछंदाखाली ठेका धरू नका. ठेका सुरू झाला की कवी नकळत त्यावर चढतो आणि अर्थाचे थांबे मोडतात. वृत्तबद्ध किंवा लयीतल्या कवितेला तबला शोभतो, पण लय कवीच्या बोलण्यावरून ठरवा: तालमीत तो मोठ्याने म्हणत असताना मेट्रोनोमवर टॅप करून आकडा मोजा आणि लिहून ठेवा. मंचावर कवी हमखास घाई करतो. तबल्याने त्या घाईमागे धावायचं नाही, ठरलेल्या लयीला धरून राहायचं.

प्रत्येक साथीच्या कवितेची छापील प्रत वादकांसमोर हवी. त्यात फक्त तीन खुणा: कुठे सुरू, कुठे थांबा, कोणत्या शब्दावर पूर्ण शांतता. खूण हाताची नको, शब्दाची हवी. अंधारात हात दिसत नाहीत.

सुरांचा गुंता वेगळाच. संध्याकाळी हवा गार होते तशा गिटारच्या पोलादी तारा आखडून सूर वर जातो. बासरीचं उलट: श्वासाने गरम न झालेली बासरी तापमानाच्या दर अंशाला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरते, म्हणजे ६ अंशांच्या फरकात १८ सेंट, कानाला बोचण्याइतकं. दमट हवेत तबल्याचं चामडं सैलावतं, तोही खाली. तिघांचे सूर एकमेकांपासून सुटत जातात! वाद्यं कार्यक्रमाआधी अर्धा तास मंचावर, उघडी ठेवा, मग लावा, आणि मध्ये दोनदा पुन्हा लावायला नुसत्या कवितांची वेळ राखून ठेवा.

पान_उलटा

कागद सुटे आणू नका. जाड कार्डावर चिकटवा किंवा रिंग फाईलमध्ये लावा. स्टँडवर कपड्यांचे चिमटे, दोन वर आणि दोन खाली. अक्षर १६ ते १८ पॉइंट. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं पान दिव्याखाली चकाकतं आणि नेमकी मधली ओळ दिसत नाही. मोबाईलवरून वाचणाऱ्यांनी ऑटो-लॉक बंद, विमान मोड चालू. स्टँडला उबदार पिवळसर क्लिप दिवा लावा. पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे जास्त येतात, आणि तोंड उघडून बोलणाऱ्याला ते परवडत नाही.

मंचाचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पश्चिमेला केलंत तर मावळता सूर्य थेट कवीच्या डोळ्यांत, पूर्वेला केलंत तर श्रोत्यांच्या.

ध्वनितपासणीला ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणणं निरुपयोगी. प्रत्येकाने आपल्या कवितेतली सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातली ओळ म्हणायची. माईक ओठांपासून ५ ते १० सेंटीमीटर, किंचित तिरका. जाळीभोवती मूठ आवळली की माईकची मागची छिद्रं बंद होतात, दिशेची निवड जाते आणि शिट्टी येते. हे सहाही जणांना आधी सांगा, नाटकी माणसं हमखास मूठ आवळतात.

कुई

वायरगुंडाळेंचं बहुतेक पटलं. भर एवढीच की मॉनिटरमध्ये कवीचा आवाज अगदी थोडा द्या, वाद्यं जास्त. कवी उघड्यावर स्वतःला ऐकू आला नाही की ओरडतो, म्हणून शून्य नको. पण तोच आवाज मॉनिटरमधून माईकमध्ये परत शिरतो, म्हणून भरपूरही नको.

कॉर्डलेस माईक २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर टाळा. श्रोत्यांचे फोन त्याच पट्ट्यात, शिवाय माणसांची शरीरं तो सिग्नल शोषतात. वायरचा माईक बरा.

अर्धविराम

खुर्च्यांची मांडणी बदलतो. श्रोते २५० झाले आणि मागे पंधरा मीटरच्या पुढेही बसले तर? आणि वीज जनरेटरची आहे.

वायरगुंडाळे

मग मागच्यांसाठी स्पीकरची दुसरी जोडी, पुढच्या स्पीकरपासून १५ मीटरवर. ध्वनीला मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ४४. त्यात १०-१५ मिळवून मागच्या जोडीचा डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याची वेळ) ५५ ते ६० ठेवा. हे जास्तीचे मिलिसेकंद यासाठी की कान आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. मागच्यांना शब्द मंचावरूनच आल्यासारखे वाटतात. डिले न लावता जोडी ठेवली तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल.

जनरेटर मंचामागे, जितका लांब नेता येईल तितका, आणि वारा त्याच्याकडून श्रोत्यांकडे वाहत नसेल अशा बाजूला. दिवे आणि ध्वनी वेगळ्या सर्किटवर, नाहीतर दिवे मंद करणाऱ्या डिमरची गुणगुण स्पीकरमध्ये येते. गिटारची गुणगुण राहिलीच तर डीआय बॉक्सचा (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीचा) ग्राउंड-लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरची ग्राउंड-जोडणी तोडणारं बटण, दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. रिळावरची एक्स्टेंशन केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. ओल्या गवतावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि कार्यक्रमाआधी त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा.