रूट लॉगरवर फिल्टर लावूनही नको असलेले संदेश फाइलमध्ये का येतात?

प्रश्न:
आमची वेब सेवा पायथनमध्ये लिहिलेली असून ती सुरू आहे की नाही हे तपासणारी विनंती दर ५ सेकंदांनी येते, त्यामुळे दिवसाला १७,२८० निरुपयोगी ओळी लॉग फाइलमध्ये जमा होतात. संदेशात ‘/हेल्थ’ हा मार्ग आढळल्यास ‘फॉल्स’ (म्हणजे ‘नोंद गाळा’) परत करणारे फंक्शन लिहून मी ते रूट लॉगरला, म्हणजे संदेशांची नोंद घेणाऱ्या लॉगरांपैकी सर्वांत वरच्या लॉगरला, फिल्टर म्हणून जोडले, परंतु फाइलमध्ये काहीच फरक पडला नाही. रूट लॉगरवरूनच थेट लिहिलेला चाचणीचा संदेश मात्र अडतो. असे का होत असावे?

पहिले उत्तर:
तुमच्या शेवटच्या निरीक्षणातच कारण दडलेले आहे. लॉगरला जोडलेला फिल्टर त्याच लॉगरवर निर्माण झालेल्या नोंदींपुरता काम करतो. उपलॉगरवर, म्हणजे त्याच्या खालच्या लॉगरवर, निर्माण झालेली नोंद वर जाते तेव्हा ती थेट वरच्या लॉगरच्या हँडलरकडे (नोंद प्रत्यक्ष फाइलमध्ये किंवा पडद्यावर लिहिणाऱ्या घटकाकडे) सोपवली जाते, आणि त्या वेळी वरच्या लॉगरचा फिल्टरच काय, त्याची पातळीही (किमान किती महत्त्वाची नोंद घ्यायची ती मर्यादा) विचारात घेतली जात नाही. तेव्हा फिल्टर फाइलच्या हँडलरला जोडा. कन्सोलसाठी वेगळा हँडलर असेल, तर त्यालाही तो स्वतंत्रपणे जोडावा लागेल.

प्रश्नकर्ता:
फिल्टर हँडलरला जोडला. आता फंक्शन प्रत्येक नोंदीसाठी चालते, हे मी पडताळून पाहिले, तरीही एकही ओळ गळत नाही. मी नोंदीचा ‘एमएसजी’ हा गुणधर्म तपासत आहे.

दुसरे उत्तर:
‘एमएसजी’मध्ये अनेकदा केवळ साचा असतो, म्हणजे ‘%एस %डी’ अशा रिकाम्या जागा. प्रत्यक्ष मार्ग आणि स्थिती-क्रमांक ‘आर्ग्ज’मध्ये वेगळे ठेवलेले असतात. पूर्ण वाक्य हवे असल्यास नोंदीवर ‘गेटमेसेज’ ही मेथड वापरा. चाचणीचा संदेश तुम्ही सलग मजकूर म्हणून लिहिला असणार, म्हणूनच तो अडला आणि तुमची दिशाभूल झाली.

मात्र केवळ मार्ग पाहून नोंद गाळू नका. हीच तपासणी ५०३ स्थितीने (म्हणजे सेवा उपलब्ध नसल्याने) अयशस्वी झाली, तर ती ओळ तुम्हाला नक्कीच हवी असेल. म्हणून स्थिती २००, म्हणजे यशस्वी, असेल तरच ‘फॉल्स’ परत करा. संदेश लिहिणारा कोड तुमचाच असेल, तर मला फिल्टरची गरजच वाटत नाही: यशस्वी तपासणी डीबग पातळीवर, म्हणजे १० वर, लिहा आणि हँडलर इन्फो पातळीवर, म्हणजे २० वर, ठेवा.

प्रश्नकर्ता:
संदेश लायब्ररीतून येतात, त्यामुळे फिल्टर ठेवावाच लागेल. ‘गेटमेसेज’ आणि २०० ची अट घातल्यावर ओळी थांबल्या; मुद्दाम घडवून आणलेली ५०३ ची नोंद फाइलमध्ये दिसली.