प्रति: रोज पुसूनही कॅन्डिडा ऑरिस परत का सापडते?

तुम्ही म्हटलंय की रुग्णाची खाट रोज जंतुनाशकाने पुसूनही कॅन्डिडा ऑरिस ही रुग्णालयात पसरणारी बुरशी परत सापडते. ते द्रावण क्वाटर्नरी अमोनियमचं (पृष्ठभाग पुसायच्या जंतुनाशकांचा एक नेहमीचा प्रकार) असेल तर नवल नाही. कॅन्डिडा ऑरिसवर ते एकटं भरवशाचं नाही. क्लोरीन वापरा. ५ टक्के हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) २० मिली, पाणी ९८० मिली, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) क्लोरीन. आधी साबणपाण्याने मळ काढा, नाहीतर क्लोरीन मळातच खर्च होतं. लेबलवर दिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. पुसून लगेच कोरडं करणं हीच नेहमीची चूक. द्रावण रोज ताजं.

खाटेपेक्षा मला संशय सामायिक वस्तूंचा: काखेतले थर्मामीटर, बीपीचे पट्टे. शेजारच्या रुग्णांचे काख-जांघेचे स्वॅब (तपासणीसाठी काडीने घेतलेले नमुने) घेतलेत का? लक्षणं नसलेला रुग्णही महिनोन्‌महिने बुरशी पसरवू शकतो.