गोव्यात कॅसिनोत पहिल्यांदा पोकर, किती पैसे न्यावेत?

पत्तेवाला_पुणे:
2025 च्या ऑगस्टात कायदा आला आणि पैशाचे पोकर ॲप बंद पडले, तेव्हापासून हात नुसते शिवशिवतायत. गोव्याला चाललोय, मांडवीतल्या बोटीवर दिवसभर टेक्सास होल्डम (पोकरचाच प्रकार) खेळायचा विचार आहे, समोरासमोर आत्तापर्यंत फक्त मित्रांत खेळलोय. किती न्यावेत?

किनारेकर:
100-200 चे ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम) असतील तर 100 बिग ब्लाइंड (त्यातली मोठी रक्कम, 200) म्हणजे 20 हजार, ते उडाले तर परत बसायला अजून तेवढेच. आधी फोन करून टेबल कधी लागतं ते विचार, दुपारी कधीकधी माणसंच जमत नाहीत.

नऊवारी_नऊ:
रेक, म्हणजे डावातल्या पैशातून कॅसिनो कापतो तो वाटा, धरा हिशोबात. शिवाय घाई नको, माझ्या शेजारचे काका तासन्‌तास फोल्ड करत (पत्ते टाकून देत) चहा पीत बसले होते, शेवटी एकदाचं रेझ केलं (पैसे वाढवले) तर अख्खं टेबल फोल्ड 😂

पत्तेवाला_पुणे:
काका भारी! धाकटा भाऊ 20 चा आहे, चालेल ना?

किनारेकर:
नाही रे, 21 पूर्ण लागतात, ओळखपत्र बघतात. त्याला मिरामारला सोड.