अ‍ॅस्बेस्टॉसचे निवृत्त कामगार: तपासणी हवी की नुसता घोर?

बॉयलरवाला: धूळ छातीत जाते तिशीत, दम लागतो साठीत. मध्ये २०-४० वर्षं काहीच कळत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बजावलं की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोवर ठेवा. आमच्याकडे गेटपास जमा केला की तपासणी संपली! लॅगिंग (पाइप-बॉयलरचं उष्णतारोधक आवरण), ब्रेक लायनिंग, सिमेंटचे पत्रे यांत राबलेल्यांचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं) आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन निवृत्तीनंतरही फुकट व्हावी.

तिरकस_काका: असहमत. सापडलं तर करणार काय? अ‍ॅस्बेस्टॉसिसचे (या धुळीने होणाऱ्या आजाराचे) फुप्फुसातले वण जात नाहीत. मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) लवकर पकडून जीव वाचतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. त्यापेक्षा अ‍ॅस्बेस्टॉसची आयात बंद करा. देशातल्या खाणींचे परवाने बंद केले आणि रशिया-कझाकस्तानचा माल मात्र चालतो, वा!

ओपीडी_सहा: मेसोथेलिओमाबद्दल काका बरोबर आहेत. फुप्फुसाच्या कॅन्सरचं तसं नाही. अमेरिकेत भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०११ चा. कमी किरणांच्या सीटीमुळे त्या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेवाल्या गटापेक्षा २० टक्क्यांनी घटले. ते अ‍ॅस्बेस्टॉसचे कामगार म्हणून निवडलेले नव्हते, मान्य. पण विडी आणि ही धूळ एकत्र आली की धोका दोघांच्या बेरजेहून जास्त होतो. शिवाय आपल्याकडे खोकला आणि एक्स-रेवर डाग म्हटलं की टीबी. पूर्वी काय काम करत होता हे विचारतो कोण?

तिरकस_काका: विडी सोडायला सीटी कशाला? सीटीत दिसलेल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. तोवर बायॉप्सी, खेपा, कर्ज.

मीनाताई_चाळवाल्या: काका, कागद नको का? अ‍ॅस्बेस्टॉसिस कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, निदान झालं तर डॉक्टरने सरकारच्या मुख्य निरीक्षकाला कळवायलाच हवं. निदानच नाही तर भरपाई कशाची मागायची? आणि नवऱ्याचे धुळीचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायका? त्यांनाही या धुळीचे आजार होतात. त्या तर कुठल्याच हजेरीपटावर नाहीत.

तिरकस_काका: बायकांचं माझ्या डोक्यात नव्हतं. बरं, एक्स-रे आणि स्पायरोमेट्री द्या, दोघांनाही. सरसकट दरवर्षी सीटीला मात्र माझा विरोध कायम.

ओपीडी_सहा: सरसकट कोण म्हणतंय? विडी ओढणारे आणि जास्त वर्षं धुळीत काढलेले, एवढ्यांचीच करा.